मागचा वाटा

नलूला विधवा व्हायचं होतं आणि गाव तिला होऊ देत नव्हतं. मुरुडच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी दांडीपाडा म्हणून कोळ्यांची वस्ती आहे, तिथली ही १९५८-५९ सालची गोष्ट. तिथल्या कोणालाही आज विचारलंत तर छातीवर हात ठेवून सांगेल की नलूला आम्ही कधी वाकडा शब्द बोललो नाही. आणि तो खोटं सांगणार नाही. जे काय केलं ते सगळ्यांनी गोड बोलूनच केलं.

पाड्यात एक जुनी रीत होती. नाव भरून आली की वाटे पडायच्या आधी मासळीची एक टोपली बाजूला निघायची. नाव लहान असो की मोठी, टोपली एकच. ह्या सगळ्या टोपल्या देवळापुढच्या ओट्यावर जमायच्या आणि समुद्रात गेलेल्या माणसांच्या बायकांत सारख्या वाटल्या जायच्या. ह्याला म्हणायचे मागचा वाटा, म्हणजे मागे राहिलेल्यांचा. हा ना सरकारचा हुकूम होता, ना कुणा शेटजीचा धर्म. कमरेला रुमाल गुंडाळून समुद्रावर जाणाऱ्या माणसांनी आपल्या बायकापोरांची आपणच करून ठेवलेली सोय होती ती. बाहेरून आलेल्या एखाद्या मास्तराला हे कळलं की त्याला कौतुक आवरायचं नाही. मास्तराचं पोट त्या टोपलीवर नव्हतं, म्हणून.

मग पाड्यात इंजीन आलं. दत्तात्रेय नाखव्यानं सोसायटीचं कर्ज काढून आपल्या नावेला इंजीन बसवलं. पाच नावांची मासळी तो एकटा आणू लागला. ती बर्फात घालून लाँचनं मुंबईला धाडायचा, आणि ओट्यावर टोपली टाकायचा एकच. रीतच तशी होती! शिडाच्या नावांची मासळी निम्म्यावर आली, तरी त्यांचीही टोपली एकच. चार नावांनी हात टेकले आणि त्या किनाऱ्यावर वाळत पडल्या. ओट्यावर अकरा टोपल्या यायच्या तिथे सात येऊ लागल्या. एकदा बैठकीत कोणीतरी चाचरत म्हणालं की नाखव्यानं आता पाच टोपल्या टाकाव्यात. नाखवा हसून म्हणाला, "का रं बाबा? मी काय पाच येळा बुडनार हाय?" सगळे हसले. हसून झाल्यावर त्या गोष्टीवर परत बोलायला कोणाला तोंड राहिलं नाही.

नलूचा नवरा गुणाजी ह्याच नाखव्याच्या नावेवर खलाशी होता. भाद्रपदात आभाळ भरलेलं असताना बाकीच्यांनी नावा वर ओढल्या आणि नाखव्यानं मात्र अजून एक फेरी मारायचं ठरवलं. कर्जाचा हप्ता आभाळाकडे बघत थांबत नाही. परतताना मागच्या अंगानं एक लाट आली आणि गुणाजीला घेऊन गेली. पडताना त्याला तिघांनी पाहिलं. बुडताना कोणी पाहिलं नाही, आणि पुढचं सगळं ह्या एवढ्याशा फटीतून घडलं.

प्रेत न मिळालेल्या माणसासाठीही रीत होती. महिना झाला की पंच त्याच्या बायकोला किनाऱ्यावर न्यायचे, समुद्राकडे तोंड करून उभी करायचे आणि एकदाच विचारायचे, हाय का गेला? 'गेला' म्हणाली तर तिथेच बांगड्या फुटायच्या, दुसऱ्या दिवसापासून तिचा मागचा वाटा सुरू व्हायचा, आणि ज्या नावेवरून माणूस गेला ती नाव सुतक म्हणून महिनाभर किनाऱ्यावर बसायची. 'हाय' म्हणाली तर हाय. मग प्रेत दाखवल्याशिवाय शब्द फिरवायचा नाही. पूर्वी कधीतरी एकीनं घाईनं 'गेला' म्हटलं होतं आणि तिसऱ्या महिन्यात नवरा दारात उभा राहिला होता म्हणे. तेव्हापासून बाईच्या शब्दाला ही गाठ पडली होती.

सवालाच्या आदल्या दिवशी नीराबाई नलूकडे आली. ही ओट्यावरच्या सहा विधवांतली थोरली, वाटा हिच्या हातानं पडायचा. तिनं भाताचं ताट झाकून आणलं होतं, वर हलव्याची तळलेली तुकडी.

"खा गो बाय," ती म्हणाली. "आनि एक सांगते. जित्या मानसाला तोंडानं मारू नको. माझं मन सांगतंय, त्यो येनार."

तिचं मन काय सांगत होतं ते देव जाणे. तिचं डोकं एवढंच सांगत होतं की सात टोपल्या सहाजणींत वाटल्या तर घर कसंबसं चालतं, सातजणींत वाटल्या तर चालत नाही.

मागोमाग नाखवाही आला. ऐन आश्विनातला पापलेटचा हंगाम, आणि नाव महिनाभर वाळूत बसली तर सोसायटीवाले दाराशी बसतील ह्या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. तो उंबऱ्यात टेकला आणि म्हणाला, "भाऊच्या धक्क्यावर खबर लागलीय वयनी. वेरावळच्या नावेवर एक खलाशी दिसला, आपल्या गुणाजीसारखाच. त्यांनी पान्यातनं उचलला असंल. धीर धर."

खरं सांगायचं तर नलूला एवढं कोणी समजावायची गरजच नव्हती. ती तेवीस वर्षांची होती. चार वर्षांची रतन आणि तीन महिन्यांचा रघू पदरात होते, आणि नवरा तिला मनापासून आवडायचा. असल्या बाईपुढे नवरा जिवंत असल्याची थाप ठेवली तर ती दोन्ही हातांनी घेणारच. दुसऱ्या दिवशी पंचांचे म्होरके हिरामण पाटील ह्यांनी विचारलं तेव्हा ती खणखणीत म्हणाली, "हाय!" सगळ्यांच्या जिवात जीव आला. नीराबाईनं तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू रेखलं आणि नाखव्यानं पोरांना बत्तासे वाटले. तीन दिवसांनी त्याची नाव भरून आली.

पुढचे महिने नलूनं कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, पण सांगायला हवं. कोळीण मासळी विकते ती घरधन्याच्या वाट्यातली. धनी नाही म्हणजे वाटा नाही, आणि विकत घेऊन विकायला हातात भांडवल नाही. ती जवळा वाळवायच्या खळ्यावर जाऊ लागली. तिथे इतर बायांना दिवसाला दोन शेर तांदूळ मिळायचा, नलूला एक. का, तर तिचा नवरा वेरावळला कमावतोय, तिला काय कमी आहे! उधार मागायला गेली की लोक मायेनं म्हणायचे, "येईल आता त्यो, सगळं एकदम फेडंल." त्याच्या नावाचं कर्जही कोणी देत नव्हतं, त्याच्या येण्याचा दिलासा तेवढा वाटेल तितका मिळत होता.

पौषात तिचं दूध आटलं. रघूनं आठ दिवस रडून पाहिलं, मग त्याचं रडणं मुकं झालं आणि मग तो गेला. त्याला पुरून नलू वाडीतून परत येत होती तेव्हा नीराबाई वाटेत भेटली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "अगो, बाप आला की काय सांगशील त्याला?"

त्या वाक्यानं नलूच्या आत काहीतरी कायमचं तुटलं. गुणाजी मेलाय हे तिला कधीच कळून चुकलं होतं, पण ह्या सगळ्यांनाही ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे, हे तिला तिथे वाटेवर कळलं. ती रडली नाही. तिला इतका राग आला की रडू वरच येईना.

ती तालुक्याच्या कचेरीत जाऊन आली. तिथल्या कारकुनानं पान जुळवत सांगितलं की सरकारी मदत असते, नाही असं नाही, पण मृत्यूचा दाखला हवा. प्रेत नसेल तर कायद्याप्रमाणे सात वर्षं थांबावं लागेल. "सात वर्षांनी या," तो सौजन्यानं म्हणाला. रतन तोवर अकराची झाली असती, जगली असती तर.

माघात एका सकाळी वाटा पडत असताना नलू ओट्यासमोर आली आणि ओरडली, "गेला! ऐकलंत? माझा घरवाला गेला. मी सांगते, गेला!" आणि तिनं ओट्याच्या दगडावर हात आपटायला उचलले. सहाच्या सहा विधवा मासळी टाकून धावल्या. दोघींनी तिचे हात धरले, एकीनं तोंड दाबलं. एरवी एका बांगडा मासळीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया त्या दिवशी एकदिलानं वागल्या. हिरामण पाटील म्हणाले, "शबुद दिलास समिंदराला. त्याच्याम्होरं म्हनालीस हाय. आता प्रेत दाव, न्हायतर गप ऱ्हा." आणि नलूच्या दोन बांगड्या झटापटीत पिचल्या होत्या, तर नीराबाईनं सगळ्याजणींकडून आणा आणा गोळा करून दुपारपर्यंत तिच्या हातात नवा हिरवा चुडा भरला. अपशकुन नको म्हणून. चुड्यासाठी आणे निघाले. रतनच्या तोंडात घालायला एक बोंबील कोणाच्यानं निघाला नाही.

नलूची सासू सखुबाई हे सगळं घरातून बघत होती. ती कमी बोलायची आणि तिचा मात्र खरोखरच विश्वास होता. साऱ्या पाड्यात गुणाजी जिवंत आहे असं मनापासून मानणारी ती एकटी. नाखव्याची थाप तिनं गळ्यातल्या ताइतासारखी जपली होती. रोज ती गुणाजीचं जाळं काढून उसवलेलं सांधायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. नलूनं एकदा सुचवलं की जाळं विकू या, चार पायली तांदूळ येईल. सखुबाई म्हणाली, "आनि त्यो आला की काय हातानं मासे पकडंल?" जाळं तसंच राहिलं.

शिमगा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. भरतीबरोबर किनाऱ्याला एक प्रेत लागलं. पुरुषाचं होतं. तोंड आणि हातापायांची काही बोटं मासळीनं खाल्लेली, अंगावर करगोट्याशिवाय काही नाही. पोलीस पाटलानं पंचनामा लिहायला घेतला आणि विचारलं, ह्याला कोणी ओळखतं का?

नलू गर्दीतून पुढे आली. प्रेत गुणाजीचं नव्हतं. ते तिला पायाकडे बघताक्षणी कळलं. सहा वर्षं ज्याच्या शेजारी निजलं त्याचे पाय बायकोला कळतात. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि अंग टाकून दिलं. "माझं कुंकू गो!" असा हंबरडा फोडला की पाणी भरायला आलेल्या बाया घागरी टाकून धावल्या.

नीराबाईला मात्र रडू आलं नाही. ती पुढे होऊन म्हणाली, "भादव्यात गेलेला मानूस फागनात असा ताजा कसा ऱ्हाईल? हा कोन भलताच हाय."

खरी गोष्ट होती. पंच एकमेकांकडे बघू लागले. पाटील म्हणाले, "आईला बोलवा. जन्म दिलेली वळखील." आणि सखुबाईला हाताला धरून आणलं.

नलूनं जमिनीवरूनच तिच्याकडे पाहिलं. बोलायची सोयच नव्हती. रतन आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. पोरीच्या मानेच्या काड्या झाल्या होत्या, पोट तेवढं फुगलेलं. सखुबाई वाकली. प्रेताच्या पायावर तिनं हात फिरवला, फार वेळ फिरवला. तिलाही कळलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर आनंद उमटला, आपला पोर हा नाही ह्याचा आनंद, आणि नलूला वाटलं, आता संपलं सगळं. मग म्हातारीनं मान वळवून नातीकडे पाहिलं.

"माझाच हाय," ती म्हणाली.

"आये, पन सहा म्हैने..." नीराबाईनं पुन्हा सुरू केलं.

सखुबाई सरळ उभी राहिली. तिचा आवाज त्या दिवशी पाड्यानं पहिल्यांदा ऐकला. "भादव्यात कोन गेलं? तूच म्हनालीस ना, त्यो जिता हाय? ह्या नाखव्याला वेरावळच्या नावेवर दिसला ना? साऱ्या पाड्यानं मला सहा म्हैने सांगितलं, येतो, येतो म्हनून. मंग येतच व्हता! शिमग्याला घरी येताना बुडाला माझा पोर. आता म्हना, खोटं बोललो व्हतो म्हनून. म्हना!"

नाखव्यानं मनातल्या मनात हिशेब केला. माणूस वेरावळच्या नावेवरून गेला म्हणजे आपल्या नावेला सुतक नाही, आणि भाद्रपदातल्या त्या फेरीचा ठपकाही धुऊन निघाला. तो पंच्यानं डोळे पुसत पुढे आला. "गुणाजीच ह्यो," तो म्हणाला. "मी सांगतो ना!"

प्रेताला अंघोळ नलूनं स्वतः घातली. दुपारी ते जळलं, संध्याकाळी तिचा हिरवा चुडा फुटला, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर सातवा वाटा पडला. नीराबाईनं तो असा टाकला की दोन मासे धुळीत गेले. नलूनं ते उचलून पदराला पुसले आणि पाटीत ठेवले. पंधरा दिवसांत रतनच्या गालांवर मांस दिसू लागलं. सखुबाईनं त्या वाट्यातलं काही तोंडात घातलं नाही. ती शेजारणीकडे जाळी विणून मिळेल ते खायची. नलूला एकदाच म्हणाली, "मी पोर इकलं. तू खा. पोरीला घाल." त्यानंतर ती सुनेशी बोलेनाशी झाली.

चैत्रात एका दुपारी दारात एक परकी बाई उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांची असेल, काखेत सहा-सात महिन्यांचं मूल, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. रेवदंड्यापर्यंत एस.टी.नं आली होती, पुढे पैसे नव्हते म्हणून खाडी उतरून चालत. नाव केसर, चौलाच्या पलीकडच्या कोळीवाड्यातली.

"तुमच्याकडं शिमग्यात प्रेत लागलं व्हतं असं बाजारात कळलं," ती म्हणाली. "पाटलांनी तुमचं घर दाखवलं. रागावू नका, तुमचा घरवाला व्हता म्हनं. पन माझा भागोजी बी शिमग्याच्या दुसऱ्या दिशी नावेवरनं पडला. मनाची शांती म्हनून इचारते. त्याला... डाव्या हाताची करंगळी व्हती का? माझ्या घरवाल्याची लगीन झालं त्याच साली दोरात सापडून तुटली."

नलूनं तो हात धुतला होता. बाकीची बोटं मासळीनं खाल्लेली, पण करंगळीच्या जागी जुनी, गुळगुळीत, बुजलेली जखम होती, आणि पोलीस पाटलाच्या पंचनाम्यात ती तशी लिहिलेलीही होती. नाव गुणाजीचं लावून झाल्यावर तो कागद कोणी पुन्हा वाचला नव्हता.

अंगणात रतन ताटलीत भात कालवत बसली होती. वर मांदेलीचं कालवण होतं.

"व्हती," नलू म्हणाली. "पाची बोटं व्हती. मी सोता धुतलं त्याला."

केसर मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मुलाचे पटापट मुके घेतले. "मंग त्यो न्हाय! मी म्हनतच व्हते, त्यो न्हाय!" तिच्या आनंदाला सीमा राहिली नाही. नलूनं तिला पेज दिली. तिनं आधी मुलाला बोटानं चाटवली, मग वाटी तोंडाला लावून संपवली. मग वाटी खाली ठेवत म्हणाली, "आमच्यात बी तुमच्यासारखीच रीत हाय. परवा पंच इचारनार. सासू म्हनते, गेला म्हन, घरात दाना न्हाय. गावातले समदे म्हनतात, हाय म्हन, त्यो येईल. तुम्ही यातनं गेलाव, ताई. काय म्हनू मी?"

नलूजवळ एक शब्द होता, 'गेला'. तो तिनं सांगितला असता तर परवा संध्याकाळपासून ह्या बाईला मासळी मिळाली असती. पण केसर 'गेला' म्हणाली की तिचे दीर अस्थींसाठी किनाऱ्यानं गावोगाव विचारत फिरणार, हीही रीतच होती, आणि कोणी ना कोणी पोलीस पाटलाकडचा तो कागद उघडून बघणार. 'हाय' म्हणाली तर कोणी कुठे शोधायला जायचं नाही. जिवंत माणसाच्या अस्थी कोण मागतो? नलूला केसरची दया आली, फार आली. ती दया बाजूला ठेवायला तिला घटकाभर वेळ लागला.

"हाय म्हन," ती म्हणाली.

केसरनं वाकून तिच्या पायांना हात लावला, मूल काखेला मारलं आणि ऊन कलायच्या आत खाडी गाठायची म्हणून लगबगीनं निघाली. वळणावरून तिनं मागे बघून हातही हलवला.

सखुबाई दाराच्या आत भिंतीला टेकून बसली होती. महिनाभरानं तिनं सुनेकडे तोंड केलं.

"तिचं पोर अजून अंगावर पितं," ती म्हणाली.

"बघितलं मी," नलू म्हणाली.

नावा लागल्याची हाक आली तशी ती पाटी घेऊन उठली. उशीर केला की नीराबाई चांगली मासळी आधी वाटून टाकायची आणि नलूला चुरा उरायचा.